आधी डावा पाय

आमच्या विभागात नाच उजव्या पायाने सुरू होतो. का, असं विचारलं तर पहिल्या वर्षाची मुलं हसतात, दुसऱ्या वर्षाची छताकडे बघतात आणि तिसऱ्या वर्षाची विचारतच नाहीत, कारण तोवर त्यांचा उजवा पाय आपोआप पुढे पडायला लागलेला असतो. माझा पडत नव्हता. मी डावखुरी आहे. हाताने आहे, पायाने आहे, आणि आई म्हणते त्याप्रमाणे डोक्यानेही आहे.

मी विद्यापीठात नाट्य आणि नृत्य घेऊन बी.ए. करते. सकाळी नृत्य, दुपारी नाटक. नातेवाइकांना हे सांगितलं की ते आधी "वा" म्हणतात आणि मग जरा थांबून "आणि पुढे?" असं विचारतात. पुढे काय ते मला माहीत नाही. कॉमर्स करणाऱ्या माझ्या मावसभावालाही माहीत नाही, पण त्याला कुणी विचारत नाही.

आमचा नृत्याचा हॉल म्हणजे एक लांबट खोली. लाकडी जमीन, एका भिंतीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत आरसा, त्याच्या वर एक घड्याळ, आणि सगळीकडे घामट मोज्यांचा आणि दुखण्यावर चोळायच्या मलमाचा वास. नृत्य शिकवणाऱ्या मॅडमना आम्ही पाठीमागे ओळंबा म्हणतो. भिंत सरळ आलीय का ते बघायला गवंडी दोरीला वजन बांधून सोडतो, तो ओळंबा. मॅडम तशाच उभ्या राहतात, आणि त्यांच्याशेजारी गेलं की आपण किती वाकडे आहोत ते आपोआप कळतं. बाई वाईट नाहीत. कुणाचा घोटा सुजला तर स्वतः बर्फ आणून धरून बसतात. पण बसवलेल्या नाचातलं एक बोट इकडचं तिकडे झालेलं त्यांना खपत नाही.

तर मॅडम "उजवा" म्हणाल्या की माझ्या शरीरात एक छोटीशी मारामारी होते. डावा पाय उठतो, डोकं त्याला दटावतं, तो खाली बसतो, मग उजवा निघतो. तेवढ्यात ठेका पुढे निघून गेलेला असतो. आरसा असला की मी शेजारच्या मुलीवर डोळा ठेवून वेळ मारून न्यायची. पण तिसऱ्या वर्षाला परीक्षेच्या आधी आरशावर काळा पडदा पडतो. ही विभागाची जुनी रीत आहे. प्रेक्षकांत आरसा नसतो, तेव्हा आधीच सवय करा, असं म्हणतात. पडदा पडला आणि माझी पंचाईत झाली. तीन वर्षं मॅडमनी माझ्या बाबतीत एकच शेरा दिला होता, "प्रयत्न दिसतात." नाचणाऱ्या माणसाला याहून मोठी शिवी नाही. प्रयत्न दिसले म्हणजे नाच दिसला नाही.

राग मला एकट्या मॅडमचा नव्हता. अख्खं जगच उजव्यांनी स्वतःच्या सोयीने मांडून ठेवलंय. वर्गातल्या खुर्चीला लिहायची फळी उजवीकडे. कात्री उजव्यांची. भाषासुद्धा त्यांचीच. चांगलं ते "उजवं" आणि बाजूला सारायचं ते "डावलायचं". मी हे एकदा घरी बोलून दाखवलं तेव्हा आई म्हणाली, "बोलून झालं असेल तर त्या चादरीचं टोक धर."

माझ्या आईचं इस्त्रीचं दुकान आहे. बाबा लांब पल्ल्याचा ट्रक चालवतात. ते घरी असले की झोपलेले असतात आणि जागे झाले की गेलेले असतात, त्यामुळे दुकान आणि मी, दोन्ही आईच्याच वाट्याला आलो. दुकानात एक मोठं टेबल, भिंतीला टेकवलेलं. इस्त्रीची वायर टेबलाच्या उजव्या कडेला ठोकलेल्या खांबावरून खाली येते. उजव्या हाताने इस्त्री फिरवायची आणि डाव्या हाताने पुढचं कापड सारखं करत जायचं. आईच्या डाव्या मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याच्या रेघाच रेघा आहेत. कुणी विचारलं तर म्हणते, "डावा हात आगाऊ आहे माझा. मध्येच पुढे येतो."

मी लहान असताना आईने माझ्या डाव्या हातावर मोजा चढवला होता. मनगटाशी रबर लावून. पेन्सिल उजव्या हातात धरावी म्हणून. मी मोज्यातूनच पेन्सिल धरायला शिकले तेव्हा तिने नाद सोडला, पण बोलणं सोडलं नाही. "अगं, सगळं उजव्यांचंच असतं," म्हणायची. "जितक्या लवकर शिकशील तितकं कमी भाजशील."

या कोर्सला तिने मला मुळात पाठवलं तेच एका अटीवर. पास होत गेलीस तर शीक. एकदा जरी नापास झालीस तर हे थेर बंद, टेबलाशी उभं राहायचं. आई शब्दाची पक्की आहे. गिऱ्हाइकाला पाचला शर्ट देते म्हणाली की पाचला देते, मग वीज जावो नाहीतर आभाळ कोसळो.

शेवटच्या परीक्षेच्या महिन्यात तिने तो डावा हात जरा जास्तच भाजून घेतला. पट्टी बांधावी लागली. आठवडाभर दुकान मी चालवलं, आणि नेमका त्याच आठवड्यात मॅडमनी जोडीचा नाच शिकवला.

जोडीचा नाच म्हणजे आमच्या अख्ख्या पदवीचा कस. दोघांनी शेजारी उभं राहून एकाच वेळी, एकाच बाजूने, सगळं सारखं करायचं. मॅडमना तो त्यांच्या बाईंनी शिकवलेला. त्यात गेल्या कित्येक वर्षांत तसूभर फरक झालेला नाही. माझा जोडीदार होता खांब्या. उंच, सडपातळ, घोळक्यात उभा राहिला तर लोक टेकतील असा. नाचतो मात्र पाण्यासारखा. मी वर्गात नाही म्हणून त्याने बिचाऱ्याने शेवटच्या ओळीच्या मागे स्टुलावर फोन उभा केला आणि सगळं चित्रीकरण करून मला पाठवलं. फोनची स्क्रीन त्याने वर्गाकडे ठेवली होती, म्हणजे आपण चौकटीत मावतोय का ते नाचायच्या आधी बघता यावं. त्याला स्वतःला बघायला आवडतं. आम्हा सगळ्यांनाच आवडतं, फक्त तो ते लपवत नाही.

मी माझा फोन धुतलेल्या शर्टांच्या गठ्ठ्याला टेकवून ठेवला. एक कॉलर, दोन बाह्या, मग थोडा नाच. पुन्हा एक कॉलर. सगळे पाठमोरे होते, पुढे मॅडम, मागे वर्ग, समोर काळा पडदा. मी त्यांच्यामागे उभी राहून करत गेले. आणि काय सांगू, पहिल्याच दिवशी ते माझ्या अंगात उतरलं. डोक्यातली मारामारी नाही, अडखळणं नाही. पाय स्वतःहून निघत होता आणि ठेका त्याच्याखाली येत होता. दुकानाच्या दारात एक गिऱ्हाईक कपडे न्यायला आलं आणि कपडे न मागता उभं राहून बघत बसलं. मला वाटलं, झालं, आपण शेवटी शिकलो. तीन वर्षांचं घोडं एकदाचं गंगेत न्हालं.

आठवड्यानंतर मी वर्गात गेले. मॅडम म्हणाल्या, "तुझं बुडलंय, तू नुसतं बघ."

"मॅडम, मला येतं."

"येतं?"

"लावा ना."

त्यांनी ठेका लावला. मी एकटीने अर्धा नाच केला असेल. कुणीच बोलेना. मला वाटलं, थक्क झालेत. मग मागून कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि मग सगळा वर्ग हसायला लागला. खांब्याने कपाळावर हात मारला. स्क्रीनच्या बाजूच्या कॅमेऱ्याने चित्र घेतलं की ते आरशातल्यासारखं फिरतं, डाव्याचं उजवं आणि उजव्याचं डावं होतं. मी अख्खा नाच उलट्या बाजूने शिकून आले होते. चित्रातलं भिंतीवरचं घड्याळसुद्धा उलटं चालत होतं म्हणे, पण नाच शिकताना घड्याळाकडे कोण बघतं?

मॅडम तेवढ्या हसल्या नाहीत. त्या माझ्या पायांकडे बघत होत्या. म्हणाल्या, "छान. फारच छान. तीन वर्षांत पहिल्यांदा तू नाचलीस." माझा जीव सुपाएवढा झाला. पुढचं वाक्य आलं, "आता हेच उजवीकडून कर."

मी केलं. म्हणजे करायला गेले. डावा उठला, डोकं ओरडलं, तो बसला, उजवा निघाला, ठेका गेला. प्रयत्न दिसायला लागले.

दुसऱ्या दिवशी मी मॅडमच्या खोलीत गेले. भिंतीवर त्यांच्या बाईंचा फोटो आहे, त्याही ओळंब्यासारख्या सरळ. मी सांगून टाकलं की मला परीक्षेत डाव्याने करायचंय. खांब्या उजव्याने करेल, मी डाव्याने. दोघांच्या मध्ये आरसा धरल्यासारखं दिसेल.

"दिसेल," मॅडम म्हणाल्या. "चांगलंही दिसेल. पण तो हा नाच नसेल."

"पण मॅडम, मी यात जिवंत असते आणि त्यात नसते. ते तुम्ही काल बघितलंत."

"बघितलं." त्यांनी टेबलावरची पेन्सिल उचलून सरळ ठेवली. ती आधीच सरळ होती. "मी हा नाच शिकले तेव्हा माझ्या गुडघ्यात दोष होता. बाईंनी नाच बदलला नाही. मी गुडघा बदलला. तू रोज सकाळी वर्गाच्या आधी ये. मी तुझं उजवं करून घेते. माझ्यावर सोड."

त्या मनापासून बोलत होत्या, हीच तर अडचण होती. दुष्ट माणसाशी भांडणं सोपं असतं. मी आठवडाभर रोज सकाळी गेले. त्या थंडगार हॉलमध्ये आम्ही दोघीच. त्यांनी माझा उजवा पाय हाताने धरून उचलला, ठेवला, उचलला, ठेवला. शेवटच्या दिवशी मी अख्खा नाच उजव्याने एकदाही न चुकता केला. मॅडम खूश झाल्या. म्हणाल्या, "बघ, आलं की नाही?"

आलं होतं. आणि मी घरी येऊन रडले, कारण ते मेलेलं होतं. सगळी पावलं जागेवर, आणि आत कुणीच नाही. आपल्याच घरात पाहुणीसारखं अंग चोरून वावरावं तसं मला वाटलं. त्याच दिवशी मी ठरवलं की परीक्षा डाव्यानेच द्यायची.

हे आधी खांब्याला सांगणं भाग होतं. तो कँटीनमध्ये चहा ढवळत बसला होता.

"माझे मार्क जातील," तो म्हणाला.

"तुझे का जातील? तू बरोबरच करणार आहेस."

"आणि ओलांडणीचं काय?"

ओलांडणी म्हणजे नाचाच्या मधला तुकडा. दोघांनी एकाच दिशेने, उजवीकडे धावत जायचं. पुढची आणखी पुढे जाते, मागचा तिच्या जागी येतो. पण मी डावीकडे निघाले आणि तो उजवीकडे, तर आम्ही बरोबर मधोमध एकमेकांवर आदळणार. आम्ही हॉल रिकामा बघून करून पाहिलं आणि आदळलोच. माझं कपाळ, त्याची हनुवटी. तो जमिनीवर बसून जीभ चाचपत म्हणाला, "आई गं! हा नाच आहे का रहदारी?"

मग ठरलं की तो आपल्या रेषेवरून दोन पावलं पुढे सरकेल आणि मी त्याच्या मागून निघून जाईन. तो म्हणाला, "हे बघ, मी तुला अडवणार नाही. पण मॅडमनी विचारलं तर मला काही माहीत नाही." खांब्याकडून यापेक्षा जास्त मागणं म्हणजे अतिच झालं असतं. त्याचं घरही त्याच्या निकालाकडे डोळे लावून बसलं होतं.

दुपारच्या नाटकाच्या तासाला सर नेहमी एकच प्रश्न विचारतात, "का?" तू खुर्चीतून उठलास, का? तू दाराकडे बघितलंस, का? कारण असेल तर रंगमंचावर काहीही चालतं, कारण नसेल तर माणूस म्हणजे बटाट्याचं पोतं, असं ते सांगतात. त्यांच्या या "का"ने आम्हाला तीन वर्षं पिडलंय. पहिल्या वर्षी मी चिडून म्हणाले होते, "सर, तुम्ही सांगितलं म्हणून उठले." ते म्हणाले, "मग परत बस."

परीक्षा विभागाच्या छोट्या नाट्यगृहात होती. बाहेरून एक परीक्षक बाई आल्या होत्या. पांढरे केस, पायात आवाज न करणारे बूट, चेहऱ्यावर काही म्हणजे काही नाही. शेजारी आमचे सर. मॅडम विंगेत उभ्या. घरच्यांना बसायची परवानगी असते. आई शेवटच्या रांगेत होती, हाताला पट्टी, मांडीवर पर्स. तिने दुकान बंद ठेवलं होतं. दुकान तिने बाबांच्या अपघातालाही अर्धाच दिवस बंद ठेवलं होतं. तिला काहीच माहीत नव्हतं. तिला वाटत होतं, पोरगी सकाळी लवकर उठून जात होती, म्हणजे अभ्यास झालाय.

आम्ही जागेवर उभे राहिलो. प्रकाश आला. ठेका सुरू झाला, आणि मी डावा पाय टाकला.

विंगेतून मॅडमचा श्वास ऐकू आला. खरंच ऐकू आला. पण पुढच्या क्षणी मला काहीच ऐकू येईनासं झालं, कारण मी नाचत होते. शेजारी खांब्या उजव्याने, मी डाव्याने. आमचे हात एकदम बाहेर उघडत होते आणि एकदम आत मिटत होते, कपाटाची दोन दारं उघडावी-मिटावी तसे. प्रेक्षकांत हालचाल थांबली. मला आठवतंय, मला तेव्हा हसू येत होतं आणि मी ते दाबलं नाही.

मग ओलांडणी आली. विंगेतून मॅडम हळूच पण स्पष्ट म्हणाल्या, "रेषा!"

ते त्या खांब्याला म्हणाल्या की मला, कुणास ठाऊक. पण खांब्या गडबडला. तीन वर्षांची सवय जिंकली, दोन पावलं पुढे सरकायचं तो विसरला आणि ठरलेल्या रेषेवरून सरळ माझ्या अंगावर आला. मी त्याच्यावर. नाक नाकाला लागायच्या बेतात आम्ही थांबलो.

ठेका चालू. आम्ही दोघं मधोमध उभे.

तो मला वाट द्यायला त्याच्या उजवीकडे सरकला. मी माझ्या डावीकडे सरकले. समोरासमोर उभं राहिलं की त्याचं उजवं आणि माझं डावं एकच असतं. पुन्हा नाकासमोर नाक. पुन्हा सरकलो. पुन्हा तेच. अरुंद जिन्यात दोन माणसं एकमेकांना वाट देता देता अडून बसतात, हुबेहूब तसं झालं. पहिल्या रांगेत कुणीतरी हसलं. मग बरेच हसले.

खांब्याच्या डोळ्यांत स्पष्ट लिहिलेलं होतं, तू सरक ना बाई. एका पावलाचा प्रश्न होता. मी उजवीकडे एक पाऊल टाकलं असतं तर तो सुटला असता, मी सुटले असते, पुढचं उजव्याने केलं असतं तर परीक्षाही सुटली असती. उजवं मला येत होतं. सगळं येत होतं.

आणि माझ्या डोक्यात सरांचा आवाज आला, का?

मी हलले नाही. हात खाली सोडले आणि त्याच्याकडे बघत उभी राहिले. कारण मी कायम सरकत आले होते. खुर्चीत अंग पिळून लिहिलं, ठेका सोडून पाय बदलला. आज मला सरकायचं नव्हतं. एवढंच कारण होतं, पण ते नखशिखांत होतं. हसू हळूहळू विरलं. ठेका एकटाच वाजत राहिला. खांब्या आधी घाबरला, मग त्याने माझ्याकडे नीट बघितलं, आणि त्या पोराने, जो मार्कांसाठी जीव टाकतो, त्याने तोंड न उघडता एक गोष्ट केली. तोही उभा राहिला. तोही हलेना.

किती वेळ गेला सांगता येत नाही. ठेका फिरून पहिल्या ठोक्यावर आला तेव्हा आम्ही एकाच वेळी वळलो, पाठीला पाठ लावली, आणि तिथून उरलेला नाच शेवटपर्यंत केला. तो त्याच्या उजव्याने, मी माझ्या डाव्याने.

टाळ्या आल्या की नाही ते मला आठवत नाही. परीक्षक बाईंनी आम्हाला पुढे बोलावलं. मला विचारलं, "तू सगळं उलट्या बाजूने केलंस. चुकलं का?"

मॅडम विंगेतून पुढे आल्या. घाईने म्हणाल्या, "तिची आई आजारी होती. वर्ग बुडले होते. घाबरली ती. एरवी तिला येतं." त्या मला वाचवत होत्या. खरंच वाचवत होत्या. मला फक्त मान हलवायची होती. चूक कबूल केली तर त्याच दुपारी पुन्हा करायची संधी मिळते, तसा नियम आहे, आणि हे आम्हा तिघींनाही माहीत होतं.

परीक्षक बाई माझ्याकडे बघत राहिल्या. शेवटच्या रांगेतून आईही बघत होती.

"नाही," मी म्हणाले. "चुकलं नाही. मी डावखुरी आहे. मला हा नाच असाच येतो."

"आणि मध्ये थांबलात ते?"

"ते आधी बसवलेलं नव्हतं. पण तेही चुकलं नाही."

"उजव्याने करून दाखवशील? आत्ता?"

"येतं मला उजव्याने, बाई. पण दाखवणार नाही."

सरांनी खाली मान घालून काहीतरी लिहिलं. नंतर कॉरिडॉरमध्ये भेटले तेव्हा न थांबता म्हणाले, "कारण दिसलं." तीन वर्षांत त्यांनी मला दिलेली ही एकुलती एक शाबासकी. निकाल त्याच दुपारी लागला. आधीच झालेल्या नाटकाच्या परीक्षेत मी पहिली आले. नृत्यात नापास. शेरा असा होता की जोडी सादर झाली नाही, दोन वेगवेगळे नाच सादर झाले. खांब्या पास झाला, कारण नियमाप्रमाणे त्याने सगळं बरोबर केलं होतं. तो माझ्यापाशी येऊन उभा राहिला, म्हणाला, "मला वाईट वाटतंय." मी म्हटलं, "वाटू दे. तू थांबलास ते मी विसरणार नाही."

मॅडम शेवटी भेटल्या. त्यांचे डोळे लाल होते. "मी तुला हात दिला होता," त्या म्हणाल्या.

"हो मॅडम. उजवा दिलात."

हे उद्धट होतं. होतं तर होतं. मला त्या क्षणी पश्चात्ताप झाला नाही आणि आजही होत नाही. त्या मात्र रागावल्या नाहीत. निघताना म्हणाल्या, "फेरपरीक्षा तीन महिन्यांनी आहे. पडदा मी काढणार नाही." म्हणजे त्याही सरकणार नव्हत्या.

आई आणि मी चालत दुकानापर्यंत आलो. मी नापास झाले होते आणि अट अट होती. तिने शटर वर केलं. आत कपड्यांचे गठ्ठे तसेच पडलेले, पाचचा वायदा असलेले शर्ट वर. मी बॅग ठेवली, पदर खोचावा तशी ओढणी कमरेला बांधली, टेबलाशी जाऊन उभी राहिले आणि इस्त्रीचं बटण दाबलं. डोळ्यांत पाणी होतं पण मान वर होती. शब्द दिला होता, आता पाळायचा.

"हो बाजूला," आई म्हणाली.

"मी करते ना. तुझा हात..."

"बाजूला हो म्हटलं." तिने बटण बंद केलं. खांबावरची वायर सोडवून हातात गुंडाळली. मग टेबलाच्या एका टोकाला गेली आणि वाकली. "ते टोक धर."

"कशाला?"

"फिरवायचंय."

ते टेबल मी जन्मल्यापासून तिथेच होतं. पायांखाली जमिनीवर चार काळे डाग पडले होते. आम्ही ते उचललं, अर्धवट ओढलं, भिंतीला खरचटलं, कोपऱ्यातला हँगरचा ढीग कोसळला. शेवटी ते पूर्ण फिरलं, आणि वायरचा खांब आला डावीकडे. आईने वायर पुन्हा अडकवली. पट्टी दातांनी ओढून सोडली. खालची कातडी गुलाबी होती, त्यावर जुन्या रेघा.

"मलासुद्धा मोजा घातला होता," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "माझ्या आईने. मी मोज्यातून पेन्सिल धरायला शिकले नाही. मी गप्प उजव्याने लिहायला लागले."

मी कोसळलेले हँगर उचलायला लागले.

"ती फेरपरीक्षा कधी म्हणालीस?"

"तीन महिन्यांनी."

"मग? कशाने देणार आहेस?"

"डाव्याने."

"पुन्हा नापास करतील."

"करू दे."

"हं," आई म्हणाली. मग तिने इस्त्री डाव्या हातात घेतली. इतक्या वर्षांचा उजवा हात मोकळा पडला, त्याला काय करावं ते सुचेना, तो हवेतच राहिला. तिने कॉलरवरून इस्त्री फिरवली. घडी वाकडी गेली. पाणी शिंपडून पुन्हा फिरवली, पुन्हा वाकडी. पाच वाजत आले होते आणि दारात गिऱ्हाईक उभं होतं.

"थांबावं लागेल," आई त्याला म्हणाली, आणि तिसऱ्यांदा इस्त्री उचलली.